धावताना घोटा मुरगळला तर: पहिल्या तासापासून पुन्हा टेकडी चढेपर्यंत

धावायला नव्याने लागलेल्या माणसाला गुडघ्यांची काळजी फार असते, कारण ‘धावून गुडघे झिजतात’ हे त्याला घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी आधीच ऐकवलेले असते. घोट्याचा विचार मात्र तो मुरगळेपर्यंत कोणाच्या मनात येत नाही, आणि मुरगळल्यावरही चार दिवस पट्टी बांधून, सूज उतरली की पुन्हा बूट चढवले जातात. हा लेख पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर, सिंहगडासारख्या वाटांवर किंवा गावातल्या मैदानावर धावायला लागून फार दिवस न झालेल्या वाचकांसाठी आहे, आणि त्याचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: घोट्याचे दुखणे आधी थांबते आणि घोटा त्यानंतर बऱ्याच दिवसांनी बरा होतो. या मधल्या काळात आपण काय करतो, यावर तो पुन्हा मुरगळणार की नाही हे मोठ्या प्रमाणात ठरते.

मुरगळताना आत काय होते

खड्ड्याच्या काठावर, उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकवर किंवा सुट्या दगडावर पाऊल पडते, तळवा आतल्या बाजूला वळतो आणि शरीराचा सगळा भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर येतो. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला हाडांना हाडांशी बांधून ठेवणारे तीन अस्थिबंध असतात. डॉक्टर त्यांना लिगामेंट म्हणतात. त्यांपैकी सर्वांत पुढचा, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाला घोट्यातल्या टॅलस नावाच्या हाडाशी जोडणारा, सर्वांत दुबळा असतो आणि बहुतेक वेळा तोच आधी ताणला जातो किंवा फाटतो. आतल्या बाजूचा अस्थिबंध जाड आणि बळकट असल्यामुळे तिकडची दुखापत क्वचित होते, पण झाली तर ती साधी समजू नये.

टॅलस हे हाड पुढच्या बाजूला रुंद आणि मागच्या बाजूला अरुंद असते. चवडा वर उचललेला असताना त्याचा रुंद भाग वरच्या दोन हाडांच्या खाचेत घट्ट बसतो, तर चवडा खाली झुकलेला असताना अरुंद भाग खाचेत येऊन सांधा सैल पडतो. टेकडी उतरताना पाऊल नेमके अशाच झुकलेल्या अवस्थेत जमिनीला लागते, त्यात चढण चढून पायाचे स्नायू थकलेले असतात आणि वेग मात्र चढणीपेक्षा जास्त असतो. त्यामुळे सिंहगड किंवा वेताळ टेकडी चढताना जपून पावले टाकणाऱ्या माणसाने उतरताना त्याहून अधिक जपायला हवे. व्यवहारात होते ते उलटे. माथा गाठला की लक्ष नाश्त्याकडे जाते.

या दुखापतीच्या डॉक्टर तीन श्रेणी मानतात. पहिल्या श्रेणीत अस्थिबंध ताणला गेलेला असतो, सूज थोडी असते आणि माणूस लंगडत का होईना चालतो. दुसऱ्या श्रेणीत तो अर्धवट फाटलेला असतो, सूज आणि काळेनिळेपणा ठळक असतो आणि पायावर भार देणे कठीण जाते. तिसऱ्या श्रेणीत तो पूर्ण तुटलेला असतो आणि घोटा डळमळीत लागतो. स्थूलमानाने पहिल्या श्रेणीत एक ते तीन आठवडे, दुसऱ्या श्रेणीत तीन ते सहा आठवडे आणि तिसऱ्या श्रेणीत दोन ते तीन महिने किंवा त्याहूनही अधिक काळ धावण्यावाचून काढावा लागतो. दुखणे घोट्याच्या बाजूला नसून त्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांच्या मध्ये असेल आणि पाऊल बाहेरच्या दिशेने फिरवताना ते वाढत असेल, तर वरच्या अस्थिबंधांना इजा झालेली असू शकते. ही दुखापत बरी व्हायला नेहमीच्या मुरगळण्यापेक्षा बराच जास्त वेळ घेते, म्हणून ती डॉक्टरांना दाखवूनच घ्यावी.

पहिला तास

मुरगळल्यावर ‘चालून बघू, मोकळा होईल’ असे म्हणून उरलेले अंतर पूर्ण करू नये. पहिल्या काही मिनिटांत शरीर तापलेले असते, त्यामुळे वेदना प्रत्यक्ष इजेच्या मानाने कमी भासते आणि माणूस फसतो. रस्त्याच्या कडेला बसावे, श्वास जागेवर येऊ द्यावा आणि मग पाय तपासावा. डोंगरवाटेवर असाल आणि अजून खाली उतरायचे असेल, तर बूट काढू नये; नाडी घट्ट बांधलेला बूट सूज थोडी आवरतो आणि एकदा काढलेला बूट सुजलेल्या पायात परत जाईलच असे नाही. बोटे बधिर पडू लागली, तरच नाडी सैल करावी. सोबत्याचा खांदा किंवा हाताशी येईल ती काठी घेऊन सावकाश उतरावे. घरी परतताना रिक्षा करावी किंवा कोणाला तरी बोलवावे. दुखऱ्या पायाने दुचाकी चालवू नये, कारण सिग्नलला ऐनवेळी तोच पाय टेकवावा लागतो.

यानंतरचा प्रश्न हाड मोडले आहे का, हा असतो. त्यासाठी जगभर वापरले जाणारे काही साधे निकष आहेत, जे कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली प्रसिद्ध केले आणि जे त्या शहराच्याच नावाने ओळखले जातात. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या उंचवट्याच्या टोकावर, अथवा त्याच्या मागच्या कडेवर खालच्या सुमारे ६ सेंटिमीटर भागात हाड दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर, करंगळीच्या रेषेत, हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो तो दाबल्यावर दुखत असेल, किंवा पावलाच्या आतल्या बाजूला घोट्याच्या थोडे पुढे, कमानीच्या वर असलेले हाड दुखत असेल, तरीही एक्स-रे काढावा. यांपैकी काहीही नसले, पण मुरगळल्यावर लगेच आणि नंतर डॉक्टरांसमोरही लंगडत चार पावले टाकता येत नसतील, तरीही तो काढावा. दाबून बघताना हाड आणि त्याच्या पुढचा मऊ, सुजलेला भाग यांत गल्लत होऊ देऊ नये, कारण मऊ भाग तर दुखणारच आहे.

हे निकष लहान मुलांना, हाडे ठिसूळ झालेल्या वयस्कांना आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांना जसेच्या तसे लावू नयेत. त्यांनी सरळ डॉक्टर गाठावा. घोटा वेडावाकडा दिसत असेल, कातडी फाटून जखम झाली असेल, पाऊल गार, फिकट किंवा बधिर पडले असेल, तर घरी न जाता थेट रुग्णालयात जावे. टाचेच्या वर मागच्या बाजूने कोणी तरी फटका मारल्यासारखे वाटले आणि त्यानंतर चवड्यावर उभेच राहता येत नसेल, तर तो मुरगळलेला घोटा नसून टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, तुटलेली असू शकते.

पहिले दोन-तीन दिवस

१९७८ साली गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे अशी चौकडी सांगितली आणि पुढच्या पिढ्यांनी ती पाठ केली. नंतर खुद्द मर्किन यांनीच बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे बरे होण्यास उशीर लागू शकतो असे म्हणून आपले मत बदलले. सूज हा दुरुस्तीचाच पहिला टप्पा असल्यामुळे ती पूर्णपणे दाबून टाकण्यात फायदा नाही, हा त्यामागचा विचार आहे. म्हणून बर्फ वेदना कमी करण्यापुरताच वापरावा. बर्फाचे तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पातळ, ओल्या पंच्यात गुंडाळावी आणि एका वेळी १० ते १५ मिनिटे लावावी. मध्ये किमान दोन तास जाऊ द्यावेत. बर्फ कातडीवर थेट घासू नये, आणि पाय बधिर झाला म्हणून लगेच चालायला उठू नये.

या काळात सर्वांत उपयोगी पडतात त्या दोन गोष्टी, दाब आणि उंची. निजताना किंवा आडवे पडून वाचताना पायाखाली लोड अथवा गुंडाळलेली गोधडी घेऊन पाऊल छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवावे. खुर्चीत बसून पाय समोरच्या स्टुलावर ठेवल्याने थोडा आराम पडतो, पण सूज उतरायला तेवढी उंची पुरत नाही.

क्रेप बँडेज बांधण्याची पद्धत शिकून घेण्याजोगी आहे, कारण बहुतेक जण ती फक्त घोट्याभोवती गुंडाळतात आणि मग सूज पावलात उतरते. पाऊल नडगीशी काटकोनात धरावे आणि बोटांच्या मुळापासून सुरुवात करून दोन वेढे चवड्याभोवती घ्यावेत. मग पट्टी पावलाच्या वरून तिरपी घोट्यामागे न्यावी, तिथून पुन्हा पुढे आणून तळव्याखालून काढावी, म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आकार तयार होतो. प्रत्येक वेढ्याने आधीच्या वेढ्याचा अर्धा भाग झाकावा आणि घोट्याच्या वर चार-पाच बोटांपर्यंत जाऊन थांबावे. ताण बोटांकडे जास्त आणि वर जाताना कमी असावा. बांधून झाल्यावर अंगठ्याचे नख दाबून सोडावे. त्याचा गुलाबीपणा लगेच परतत नसेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर पट्टी सोडून पुन्हा सैल बांधावी. रात्री ती काढून ठेवावी.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळेनिळे डाग घोट्यावरून टाचेच्या कडेला आणि बोटांपर्यंत उतरतात. ते पाहून पुष्कळ जण घाबरतात. आत साकळलेले रक्त केवळ वजनाने खाली सरकत असते, आणि तेवढ्यावरून इजा वाढली असे समजण्याचे कारण नाही.

लेप, मालीश आणि गोळ्या

आपल्याकडे पाय मुरगळला की आंबेहळद आणि तुरटीचा लेप गरम करून लावण्याची चाल जुनी आहे. आजीने प्रेमाने उकळून आणलेला लेप नाकारणे अवघड असते हे मान्य, पण पहिले दोन दिवस तो गरम लावू नये, कारण उष्णतेने रक्तपुरवठा वाढून सूज आणखी चढते. कातडी खरचटलेली असेल, तर लेप लावूच नये. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर कोमट लेपाने स्नायूंना आराम वाटत असेल, तर तो लावायला हरकत नाही. मात्र लेप लावल्याने व्यायाम टळत नाही.

मालीशाबाबत मात्र इतकी सवलत देता येणार नाही. नुकत्याच फाटलेल्या अस्थिबंधावर जोर लावून चोळणे, किंवा ‘शीर सरकली आहे, बसवून देतो’ असे म्हणणाऱ्याच्या हाती पाऊल देऊन ते झटक्याने ओढून घेणे, याने अर्धवट फाटलेला भाग पूर्ण फाटू शकतो. एक्स-रे न काढलेल्या पायात हाडाची चीर असेल, तर धोका आणखी वाढतो. याच दोन दिवसांत मद्यही टाळावे.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरेसे ठरते. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या परिणामकारक असल्या, तरी आम्लपित्त किंवा जठरव्रण, मूत्रपिंडाचे विकार, दमा, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल, तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पावसाळ्यात ताप असताना त्या मुळीच घेऊ नयेत, कारण तो ताप डेंग्यूचा निघाला, तर रक्तस्राव वाढण्याची भीती असते. निरोगी माणसाला डायक्लोफेनॅकचे मलम घोट्यावर हलक्या हाताने लावणे हा मधला चांगला मार्ग आहे. गोळी घेऊन दुखणे दबल्यावर धावून पाहणे, हा मात्र कोणत्याही श्रेणीत मूर्खपणाच आहे.

घरात वावरताना

पाय पूर्ण आडवा टाकून आठवडाभर पडून राहणे आता कोणी सुचवत नाही. पहिल्या दोन श्रेणींत, वेदना सोसवेल इतका भार जितक्या लवकर देता येईल तितका चांगला, कारण अस्थिबंधाचे नवे तंतू योग्य दिशेने जुळायला थोडा ताण लागतोच. तिसऱ्या श्रेणीत डॉक्टर काही दिवस प्लास्टर किंवा कडक ब्रेस, म्हणजे घोट्याला आवळून बांधायचा आधार, घालायला सांगतात, पण तेही शक्य तितक्या कमी काळासाठी. चालताना काठी घेणार असाल, तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकावी. जिना चढताना चांगला पाय आधी वर टाकावा आणि उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकावा. लंगडून भराभर चालण्यापेक्षा टाच टेकवून मग चवडा उचलत, लहान पावलांनी सावकाश चालणे बरे. लंगडण्याची सवय लागली, तर दुसऱ्या पायाची पोटरी आणि कंबर तक्रार करू लागतात.

आपल्या घरांत जमिनीवर बसण्याची जी पद्धत आहे, तिच्याबद्दल इंग्रजीतली माहितीपत्रके काही सांगत नाहीत, म्हणून ते इथे सविस्तर सांगितलेले बरे. मांडी घालून बसताना घोट्याची बाहेरची बाजू जमिनीवर दाबली जाते आणि पाऊल आत वळलेले राहते, म्हणजे ज्या दिशेने ते मुरगळले त्याच दिशेने ताण बसत राहतो. वज्रासनात चवडा पूर्ण मागे झुकतो आणि पुढचा अस्थिबंध ताणला जातो. पहिले दोन-तीन आठवडे या दोन्ही बैठका टाळाव्यात आणि पूजेला किंवा पंगतीला खुर्ची मागून घ्यावी. उकिडवे बसण्यासाठी घोटा खूप वाकावा लागत असल्यामुळे, शक्य असेल तर या काळात कमोड वापरावा. घरात सपाता किंवा अंगठ्याच्या चपला घालण्याऐवजी टाच धरून ठेवणारे बूट किंवा पट्ट्याच्या सँडल घालाव्यात, आणि न्हाणीघरातली फरशी कोरडी ठेवावी. लोकलने प्रवास करणाऱ्यांनी जमल्यास पहिला आठवडा घरूनच काम करावे, आणि जावेच लागले तर गर्दीची वेळ टाळावी. चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या लोंढ्यात दुखरा पाय सांभाळणे आपल्या हातात राहत नाही.

व्यायाम: इथेच खरी कसोटी असते

तिसऱ्या दिवसाच्या सुमारास, तीव्र वेदना ओसरल्यावर, हालचालींना सुरुवात करता येते. खुर्चीवर बसून पाय अधांतरी धरावा आणि अंगठ्याच्या टोकाने हवेत मुळाक्षरे काढावीत. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत जाताना घोटा सगळ्या दिशांना फिरतो; मात्र हालचाल गुडघ्यातून न होता घोट्यातूनच व्हायला हवी. दिवसातून तीन वेळा इतके पुरे. त्याच्या जोडीला टॉवेल जमिनीवर पसरून पायाच्या बोटांनी तो आपल्याकडे गोळा करण्याचा व्यायाम करावा.

सूज निवळू लागली की घोट्याची वाकण्याची क्षमता परत मिळवायची असते. भिंतीसमोर उभे राहून दुखरे पाऊल तिच्यापासून काही सेंटिमीटर अंतरावर सरळ ठेवावे आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवावा. टेकला, तर पाऊल आणखी थोडे मागे घ्यावे आणि टाच जमिनीवर राहून गुडघा जेमतेम टेकतो ते अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजपट्टीने मोजावे. अनेकांच्या बाबतीत हे अंतर १० सेंटिमीटरच्या आसपास असते, पण तुलना करायची ती स्वतःच्याच दुसऱ्या पायाशी. दोन्ही पायांतला फरक एक-दीड सेंटिमीटरहून अधिक असेल, तोवर हाच हालचालीचा व्यायाम रोज करत राहावा. धावताना प्रत्येक पावलाला घोटा असाच वाकतो, आणि तो पुरेसा वाकला नाही, तर त्याची भरपाई गुडघा आणि पाऊल करतात.

यानंतर ताकदीकडे वळावे. घोटा आत वळू लागला की त्याला बाहेरून ओढून धरणारे स्नायू नडगीच्या बाहेरच्या बाजूला असतात. खेळाच्या साहित्याच्या दुकानात मिळणारा रबरी पट्टा पलंगाच्या पायाला बांधून दुसरे टोक चवड्याभोवती अडकवावे आणि पाऊल बाहेरच्या दिशेने सावकाश ढकलून त्याहून सावकाश परत आणावे. १५ वेळा असे तीन फेरे, एक दिवसाआड करावेत. पोटरीसाठी ओट्याला किंवा भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा उचलाव्यात, आणि ते सोपे वाटू लागले की एका पायावर तेच करावे. एका पायावर सलग २० ते २५ वेळा टाच उचलणे हे उद्दिष्ट ठेवावे. दुखरा पाय १२-१३ वर थकतो आणि चांगला पाय २५ पर्यंत जातो, असा फरक सुरुवातीला दिसणे स्वाभाविक आहे, आणि तो भरून काढण्यातच खरे काम असते.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो तोलाचा व्यायाम. अस्थिबंधात सांधा कोणत्या स्थितीत आहे हे मेंदूला कळवणारे मज्जातंतू असतात आणि अस्थिबंधाबरोबर त्यांनाही इजा होते. त्यामुळे सूज उतरल्यावरही, पाऊल वाकडे पडल्याची खबर मेंदूला उशिरा मिळते आणि स्नायू वेळेवर आवळले जात नाहीत. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळण्यामागे हे एक मोठे कारण आहे. याचा उपाय फुकटचा आहे: दात घासताना दुखऱ्या पायावर उभे राहावे. ३० सेकंद सहज जमू लागले की डोळे मिटून उभे राहावे, तेही जमले की घडी केलेल्या गोधडीवर उभे राहावे, आणि पुढे त्याच स्थितीत एका हातातून दुसऱ्या हातात चेंडू झेलावा. डोळे मिटल्यावर पहिल्या दिवशी पाच सेकंदही टिकता येत नाही, म्हणून आधारासाठी बेसिन किंवा दाराची चौकट हाताशी असावी. हा व्यायाम किमान सहा आठवडे रोज करावा, दुखणे थांबले असले तरीही.

दम टिकवण्यासाठी या काळात पोहावे किंवा स्थिर सायकल चालवावी. पोहताना पायाने जोरदार फटकारे मारू नयेत, आणि बेडकासारखे पाय फेकून पोहण्याची पद्धत शेवटी सुरू करावी, कारण तिच्यात घोटा बाहेर वळवून झटका द्यावा लागतो. पहिल्या आठ-दहा दिवसांत धावणे बंद राहिल्याने कमावलेला दम फारसा कमी होत नाही, हे घाईला आलेल्या मनाला सांगत राहावे.

पुन्हा धावायला कधी लागावे

याचे उत्तर दिनदर्शिकेत शोधू नये. सपाट जमिनीवर अर्धा तास भरभर चालता येणे, तेही न लंगडता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा न सुजता, ही पहिली अट. दोन्ही पायांची टाच उचलण्याची संख्या जवळपास सारखी होणे, ही दुसरी. तिसरी अट आपल्या शाळेच्या मैदानावरची आहे, ती म्हणजे लंगडी. दुखऱ्या पायावर जागच्या जागी दहा उड्या माराव्यात, मग पुढे, मग दोन्ही बाजूंना, आणि शेवटी आखलेल्या चौकोनातून वळत लंगडी घालावी. पाऊल जमिनीला लागताना वेदना होत नसेल, आणि मुख्य म्हणजे पाय टाकण्याची भीती वाटत नसेल, तर घोटा धावण्यास तयार आहे. भीती वाटत असेल, तर तीही घोट्याकडून आलेली सूचना समजावी आणि आणखी आठवडाभर तोलाचे व्यायाम करावेत.

पहिल्या दिवशी एक मिनिट हळू धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे आठ फेरे करावेत आणि दुसरा दिवस मोकळा सोडावा. त्रास झाला नाही, तर पुढच्या वेळी दोन मिनिटे धावून एक मिनिट चालावे, मग चार मिनिटे धावून एक मिनिट चालावे, आणि साधारण दोन आठवड्यांत सलग २० मिनिटांवर यावे. दहापैकी दोन-तीन इतपत हलके दुखणे, जे दुसऱ्या सकाळपर्यंत नाहीसे होते, ते चालेल. धावता धावता वाढत जाणारे, चाल बदलायला लावणारे किंवा सकाळी सूज घेऊन येणारे दुखणे आले, तर एक पायरी मागे जावे. आधी अंतर वाढवावे, त्यानंतर वेग, आणि वळणे, चढ-उतार व ओबडधोबड वाटा सर्वांत शेवटी घ्याव्यात. आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक अंतर वाढवू नये, हा ठोकताळा फार शास्त्रीय नसला तरी नवख्यांना आवर घालायला बरा आहे.

जागा निवडताना रस्त्याच्या उताराकडे लक्ष द्यावे. पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्ते मधून उंच आणि कडेला उतरते केलेले असतात. समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून आपण उजव्या कडेने धावतो, तेव्हा उजवे पाऊल उताराच्या खालच्या बाजूला पडते आणि प्रत्येक वेळी किंचित आत वळते. उजवा घोटा मुरगळलेला असेल, तर हे टाळायलाच हवे. म्हणून पहिले काही आठवडे शिवाजी पार्कसारखे मैदान, मरीन ड्राइव्हचा रुंद पदपथ, महाविद्यालयाचा ट्रॅक किंवा ट्रेडमिल बरे. ट्रॅकवर एकाच दिशेने फिरत राहू नये. नियमात बसत असेल, तर अधूनमधून दिशा बदलावी. पहाटेच्या अंधारात धावणाऱ्यांनी डोक्याला बांधायचा दिवा वापरावा, आणि पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली गृहीत धरू नये.

नाव नोंदवलेली शर्यत जवळ आली असेल, तर निर्णय अवघड होतो. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, म्हणजे नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या श्रेणीची दुखापत झालेल्या माणसाचे लांब अंतराचे सरावच हुकतात, आणि घोटा बरा झाला तरी उरलेले शरीर ४२ किलोमीटरला तयार नसते. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये पहिला अर्धा भाग यवतेश्वरचा घाट चढण्यात आणि उरलेला तोच घाट उतरण्यात जातो, तोही सप्टेंबरच्या ओल्या रस्त्यावर; नुकत्याच बऱ्या झालेल्या घोट्यासाठी याहून वाईट परीक्षा शोधून सापडणार नाही. शुल्क भरलेले आहे आणि टी-शर्ट हातात आलेला आहे, ही कारणे धावायला पुरेशी नाहीत.

ब्रेस आणि टेप यांचा उपयोग

धावण्यासाठी साधी क्रेप बँडेज किंवा मोज्यासारखा लवचिक आधार पुरेसा पडत नाही. त्याने ऊब आणि धीर मिळतो, पण घोटा आत वळायचा थांबत नाही. नाड्यांनी आवळायचा किंवा दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या असलेला ब्रेस खरा आधार देतो. कडक टेपही चांगला, मात्र घाम आणि हालचालीने तो अर्ध्या तासात बराच सैल पडतो आणि नीट लावायला शिकलेला हात लागतो. डोंगरवाटा, फुटबॉल किंवा बॅडमिंटन पुन्हा सुरू करताना पुढचे सहा महिने ते वर्षभर ब्रेस वापरणे हितावह आहे, कारण अस्थिबंधाची अंतर्गत दुरुस्ती इतका काळ चालू राहते. ब्रेस घातल्याने स्नायू दुबळे होतात ही समजूत व्यायाम चालू ठेवणाऱ्याच्या बाबतीत खरी ठरत नाही. सपाट रस्त्यावरच्या हळू धावण्याला त्याची सहसा गरज नसते.

सहा ते आठ आठवडे नेमाने व्यायाम करूनही घोटा खोलवर दुखत असेल, धावताना अडकल्यासारखा वाटत असेल, सरळ चालतानाही अचानक दगा देत असेल किंवा रोज संध्याकाळी सुजत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. टॅलसच्या कूर्चेला झालेली इजा किंवा बाहेरच्या स्नायूंच्या शिरेला पडलेली चीर साध्या एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही आणि त्यासाठी एमआरआय करावा लागतो. मुरगळल्याच्या दुसऱ्याच दिवशी एमआरआयची घाई करण्याचे मात्र बहुतेकांना कारण नसते, कारण त्यातून उपचार बदलत नाहीत. पाय आडवा ठेवावा लागलेल्या दिवसांत किंवा त्यानंतर पोटरी एका बाजूने सुजून गरम आणि दुखरी झाली, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखू लागले, तर रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशा वेळी अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.